कल्पना सुचते, पण पात्रं कागदावरच राहतात. काय करावं?

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार. एका दीर्घकथेचं काम चालू आहे. बीज थोडक्यात असं: वसुधा, वय ५२, ग्रंथपाल, वडिलांच्या मागे जुन्या घरात एकटी राहते. धाकटा भाऊ शेखर परगावी असतो, त्याला घर विकायचंय. दोघांच्या सह्या लागणार. तळमजल्यावर वडिलांच्या वेळचे भाडेकरू निमकर. साधारण ९,००० शब्दांचा कच्चा खर्डा हातात आहे.

वाचलेल्यांचे अभिप्राय दोन मुद्द्यांवर जुळतात. एक, वसुधाबद्दल बरंच कळतं, पण ती डोळ्यांसमोर येत नाही. दोन, सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. पात्र उभं करायला म्हणून ६० प्रश्नांची तयार प्रश्नावली (आवडता रंग, लहानपणची भीती, सवयी वगैरे) पूर्ण भरली आहे, पण त्यातलं जवळजवळ काहीच कथेत उतरत नाही. तिसऱ्या प्रसंगानंतर कथा जागच्या जागी फिरते, तेही आहेच.

पुढच्या कथांसाठीही एक विचारायचंय. वहीत एकेका ओळीच्या कल्पना भरपूर आहेत. त्यातली कुठली कथा होईल आणि कुठली नाही, हे आधी कसं ओळखायचं? नेमकी कृती सांगितलीत तर फार मदत होईल.

दुसरा_मसुदा

प्रश्नावलीतून माहिती जमते. पण वसुधाला निळा रंग आवडतो हे कळल्यानं पुढच्या प्रसंगात ती काय करेल, याचा पत्ता लागत नाही. लिहून ठेवण्याजोगं तेवढंच, ज्याच्यामुळे एखाद्या प्रसंगात ती दुसऱ्या कुणापेक्षा वेगळं वागेल. तुमच्या ६० उत्तरांवर ही चाळणी लावा. चार-पाच उरतील, बाकीची खुशाल बाजूला ठेवा.

त्यांच्या जागी प्रत्येक महत्त्वाच्या पात्रासाठी पाच वाक्यं लिहा. तिला या कथेच्या काळात काय हवंय. ते आत्ताच का हवंय, गेल्या वर्षी का नव्हतं. ते मिळवण्यासाठी ती कुठली एक गोष्ट कधीच करणार नाही. ती कुणाशी खोटं बोलते आणि कशाबद्दल. तिचा कुठला समज चुकीचा आहे.

पहिल्याच वाक्यात बरेच जण अडकतात, कारण ते 'तिला शांतता हवीय', 'तिला स्वीकार हवाय' असं लिहितात. अशा इच्छेवर प्रसंग रचता येत नाही. कसोटी ही, की कथा संपल्यावर ती गोष्ट मिळाली की नाही हे परक्या माणसाला नुसतं बघून सांगता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, 'शेखर परत जायच्या आत निमकरांकडून घर सोडणार नाही असं लेखी घ्यायचं.' हे मिळतं किंवा मिळत नाही. शिवाय त्यासाठी वसुधाला खोलीतून उठून जिना उतरावा लागतो, दार वाजवावं लागतं, काहीतरी मागावं लागतं. शांतता हवी असलेली वसुधा खिडकीपाशी बसून राहते, आणि मग लेखक तिच्या आठवणी लिहायला लागतो. तुमची कथा तिसऱ्या प्रसंगानंतर का थांबते, याचं अर्धं उत्तर इथेच असावं.

तिसरं वाक्य सगळ्यांत मोलाचं. समजा, 'बाबांची इच्छा काय होती हे ती वादात कधीच आणणार नाही' असं ठरलं. मग कथेचा सगळा दाब त्याच जागेवर आणा. बाकीचे मार्ग एकेक करून बंद करा: निमकर लिहून देत नाहीत, वकील हात वर करतो, शेखर मुदत अलीकडे आणतो. शेवटी तिच्यापुढे एकच मार्ग उरतो आणि तो नेमका हाच. ती काय करते, ते तिचं व्यक्तिमत्त्व. ती वडिलांचं नाव घेते की घर जाऊ देते, दोन्ही उत्तरं चालतील. फक्त दोन्हींना किंमत हवी. एक पर्याय उघड चांगला आणि दुसरा उघड वाईट असेल, तर त्या निवडीतून तिच्याबद्दल काहीच कळत नाही, कारण तिथे कुणीही तेच केलं असतं.

पाचवं वाक्य कथेच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवा. वडिलांना घर राखायचं होतं असं वसुधा धरून चाललीय. प्रत्यक्षात विकण्याचा विषय त्यांनीच शेखरकडे काढला होता, असं असेल तर? असा चुकीचा समज पात्राच्या वागण्याला आतून तर्क देतो. ती हट्टी का वागते हे वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

आता खर्ड्याची तपासणी. वसुधानं केलेली प्रत्येक मागे न घेता येणारी कृती रंगीत पेनानं अधोरेखित करा. आठवणं, वाटणं, बघत राहणं यांत मोजायचं नाही. कुणाला काहीतरी सांगून टाकणं, कागद फाडणं, नकार देणं, चावी परत करणं हे मोजायचं. ९,००० शब्दांत पाच-सहा तरी निघायला हव्यात, असा माझा अंदाज. त्याहून कमी निघाल्या तर ते व्यक्तिचित्र आहे, कथा व्हायचीय. आणि सगळ्या शेवटच्या दोन पानांत गोळा झाल्या असतील, तर त्यातली एक उचलून पहिल्या प्रसंगात टाका. पुढचं बरंचसं आपोआप बदलावं लागेल, आणि ते बदलू द्यावं.

पात्रात विसंगती हवी, हे सगळेच सांगतात. पण विसंगतीलाही नियम लागतो. वसुधा ग्रंथालयात कडक आणि घरी निमकरांपुढे गप्प, हे पटतं, कारण ती कुणासमोर कशी वागते ते ठरलेलं आहे. एका पानावर कडक आणि दुसऱ्या पानावर, त्याच माणसांपुढे, काही न घडता मऊ झाली, तर वाचकाला ती लेखकाची चूक वाटते.

कानोसा

आवाजांबद्दल लिहितो. वरच्या प्रतिसादाला जोडूनच वाचावं, कारण कुणाला काय हवंय हे ठरलं नसेल तर संवाद कितीही घासले तरी उपयोग होत नाही.

आधी निदान. खर्ड्यातली शेखरची सगळी वाक्यं, फक्त वाक्यं, एका वेगळ्या फाइलमध्ये ओळीनं चिकटवा. वसुधाची दुसऱ्या, निमकरांची तिसऱ्या. 'म्हणाला', 'म्हणाली' काढून टाका. आता एकेक फाइल मोठ्यानं वाचा. दोष लगेच ऐकू येतात: तिघंही पूर्ण वाक्यात बोलतात, तिघंही विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतात, तिघंही 'खरं म्हणजे'नं सुरुवात करतात. तो 'खरं म्हणजे' तुमचा आहे, त्यांचा नाही.

मग प्रत्येकाचे चार गुण ठरवा. वाक्याची लांबी (शेखर चार-पाच शब्दांत तोडतो, निमकरांचं वाक्य संपतच नाही). प्रश्न जास्त की विधानं. कुठला विषय आला की हा माणूस दुसरीकडे वळतो. आणि उदाहरणं कुठल्या जगातली देतो: ग्रंथपाल बाईच्या बोलण्यात क्रम, नोंद, जागच्या जागी असणं हे सहज येईल, शेखरच्या बोलण्यात मुदत आणि आकडा. लकबीचा शब्द द्यायचा तर एकालाच द्या आणि हजार शब्दांत एकदाच वापरा. दर वाक्याला 'काय समजलीस' म्हणणारा माणूस तिसऱ्या पानावर नकोसा होतो.

मराठीत एक हत्यार आयतं हाताशी आहे, ते म्हणजे कोण कुणाला काय म्हणतं. निमकरांनी वसुधाला लहानपणापासून पाहिलंय, तेव्हा ते तिला 'वसू' म्हणत असणार. वडील गेल्यावर ती मालकीण झाली आणि निमकर 'वसुधाताई, तुम्ही' वर आले. हे कुठेही समजावून सांगू नका. पहिल्या प्रसंगात 'तुम्ही' ऐकू येऊ द्या, वडिलांच्या आठवणीत 'वसू' येऊ द्या, आणि ज्या क्षणी निमकर तिला नकार देतात त्या क्षणी त्यांच्या तोंडून पुन्हा 'वसू' निघू द्या. एकदाच. दोनदा केलंत तर ती युक्ती दिसते. शेखर-वसुधाचंही तसंच. तो तिला 'ताई, तू' म्हणतो, ती त्याला 'तू' म्हणते. वाद वाढला की तिच्या तोंडी 'तुम्ही ठरवलंच असेल' येऊ द्या. या अनेकवचनात त्याची बायको आली, वसुधाच्या पाठीमागे झालेली सगळी बोलणी आली. रागाचं वेगळं वर्णन लागत नाही.

माहिती देणारे संवाद शोधून काढा. खूण अशी, की दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एक जण दुसऱ्याला सांगतो. 'शेखर, तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि हे घर त्यांनी किती कष्टानं बांधलं.' भाऊ-बहीण असं बोलत नाहीत. हे बघा:

'वरच्या खोलीत गळतंय,' शेखर म्हणाला.
'बाबांच्या वेळेपासून गळतंय.'
'त्यांचं चालून गेलं.'
'चालवलं त्यांनी.'

बोलणं गळतीबद्दल चाललंय, भांडण घराबद्दल. वडील हयात नाहीत आणि घर त्यांनी निगुतीनं सांभाळलं, हे वाचकाला न सांगता कळतं. प्रत्येक महत्त्वाच्या संवादासाठी असा एक वरवरचा विषय शोधा: गळती, चावी, जिन्यातला दिवा. खरा विषय थेट तोंडावर यायचा तो कथेत एकदा, फार तर दोनदा.

बोलीबद्दल एक. निमकरांना एखाद्या भागाची बोली द्यायची असेल तर प्रत्येक शब्द बदलू नका. क्रियापदांची दोन-तीन रूपं, एखादं शब्दयोगी अव्यय आणि वाक्याचा हेल एवढ्या खुणा पुरतात. मात्र त्या पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत तशाच राहिल्या पाहिजेत. बोली कानाला सवयीची नसेल तर तो मोह टाळावा आणि नुसत्या वाक्यरचनेवर काम भागवावं, कारण अर्धवट बोलीनं पात्राची थट्टा होते. आणि 'म्हणाला' हा शब्द बदलण्याच्या भानगडीत पडू नका. 'उद्गारला', 'पुटपुटला', 'फणकारली' यांच्याकडे लक्ष जातं. 'म्हणाला'कडे कुणी बघत नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

अनुभाव

'कळते, पण दिसत नाही' या तक्रारीचं निदान आपल्या काव्यशास्त्रात फार नेमकं केलेलं आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं काव्यप्रकाश या ग्रंथाच्या सातव्या उल्लासात (प्रकरणात) रसाचे दोष सांगितलेत. त्यात पहिला दोष हा, की भाव त्याच्या स्वतःच्या नावानं सांगून टाकणं. 'वसुधाला फार दुःख झालं' हे त्याचं उदाहरण. भाव उभा राहतो तो विभाव आणि अनुभाव यांतून. विभाव म्हणजे ज्यामुळे तो उपजला ते कारण, समोरचं माणूस आणि परिस्थिती. अनुभाव म्हणजे त्याचा बाहेर दिसणारा परिणाम. तेव्हा खर्ड्यात दुःख, राग, भीती, एकटेपणा, अपराधी वाटणं हे शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारा: हे कशामुळे झालं ते पानावर आहे का? आणि त्यामुळे तिनं काय केलं ते आहे का? दोन्ही असतील तर भावाचं नाव खोडा, वाक्य सुटं होईल. एकही नसेल तर तिथे प्रसंग लिहायचा राहिलाय. भावाचं नाव लिहूच नये असा मात्र याचा अर्थ नाही. घाईनं काळ ओलांडायचा असेल तिथे 'ते वर्ष वाईट गेलं' हेच बरोबर.

इथवर बहुतेक जण येतात आणि मग दुसऱ्या खड्ड्यात पडतात. भावाचं नाव काढून त्याच्या जागी घाम, थरथरणारे हात, भरून आलेले डोळे, दाटलेला कंठ लिहितात. भरताच्या नाट्यशास्त्रात ४९ भाव मोजलेत: ८ स्थायी (मुळाशी टिकून राहणारे), ३३ व्यभिचारी (येऊन जाणारे) आणि ८ सात्त्विक. ते आठ सात्त्विक म्हणजे स्तंभ (ताठरणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज फुटणं), वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). ही यादी नीट बघा. सगळ्या गोष्टी शरीराच्या आपसूक होणाऱ्या. भीती वाटली की वसुधाला घाम येईल, शेखरलाही येईल, निमकरांनाही. म्हणजे भाव कळला, पण माणूस वेगळं दिसलं नाही. वेगळेपण दिसतं ते ती भावाच्या भरात जे करायला घेते त्यात. शेखरचा फोन ठेवल्यावर वसुधा पुस्तकांच्या परतीच्या तारखा पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागते. हे तिचंच. एका प्रसंगात सात्त्विक खूण फार तर एक, आणि कृती मात्र तिच्या धंद्यातून, घरातून, सवयीतून आलेली, असं प्रमाण ठेवून पाहा.

व्यभिचारी भावांतला एक तुमच्या कथेसाठीच ठेवल्यासारखा आहे: अवहित्थ, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर येऊ न देणं. भरतानं नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात त्याची कारणं दिलीत, त्यात लज्जा, भय, पराभव, समोरच्याबद्दलचा आदर आणि कपट येतं. परिणामही दिलेत: भलतंच बोलणं, बोलणं मध्येच तोडणं, उसनं धैर्य दाखवणं. लेखकासाठी ही जवळजवळ तयार कृती आहे. प्रत्येक पात्र कुठला भाव लपवतं आणि या तिघांतल्या कुठल्या मार्गानं लपवतं, हे ठरवा. वसुधा पराभव लपवते, विषय बदलून. शेखर लाज लपवतो, उसना आव आणून. निमकर भीती लपवतात, बोलणं अर्ध्यावर सोडून. कानोसा यांनी आवाज वेगळे करायला सांगितलं, ते इथूनही होतं, आणि अधिक खोलवर होतं.

मोठ्या प्रसंगासाठी आणखी एक प्रयोग. मूळ भाव एकच घ्या, समजा शोक, आणि तो कुठल्या तीन-चार व्यभिचारी भावांतून जातो ते क्रमानं लिहा. एका माणसाचा क्रम जडता (सुन्न होणं), स्मृती (आठवण), अमर्ष (चीड) असेल. दुसऱ्याचा आवेग (खळबळ), व्रीडा (लाज), धृती (धीर). तोच शोक, क्रम बदलला की स्वभाव बदलला. सबंध प्रसंगभर एकच भाव ताणून धरला, तर दुसऱ्या परिच्छेदानंतर वाचक निबर होतो.

अर्धविराम (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. निमकरांचं 'वसू' लगेच घेतोय. आता दोन उपप्रश्न. कल्पना पारखायच्या कशा, हे राहिलंच. आणि ओळखीच्या माणसांवरून पात्र घेतलं की ते हलतच नाही, त्यावर काही उपाय?

टिपणवही

बहुतेक वह्या विषयांनी भरलेल्या असतात. 'एकटेपणा', 'जुनं घर', 'वृद्ध मित्रांची जोडी'. यातून वर्षानुवर्षं काही उगवत नाही. पारख करायला प्रत्येक कल्पना या साच्यात घाला: 'अमक्याला तमुक हवंय, पण ते घ्यायचं तर ढमुक सोडावं लागेल.' तिन्ही जागा दहा मिनिटांत भरल्या तर कल्पना चालू शकते. तिसरी जागा रिकामी राहिली तर तो अजून विषयच आहे. तो फेकू नका, वेगळ्या पानावर ठेवा. असा विषय पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या अर्धवट कल्पनेची तिसरी जागा भरतो. म्हणून वहीचे तीन भाग करणं सोयीचं: माणसं, अडचणी, ऐकलेली वाक्यं. अधूनमधून तिन्हींतून एकेक नोंद डोळे मिटून उचलावी आणि साच्यात घालावी. बहुतेक जोड्या निकामी निघतात. ज्या दोन नोंदी एकमेकींना अडचणीत आणतात, ती जोडी ठेवायची.

नोंद कशी करावी, यावर सगळं अवलंबून आहे. 'बसथांब्यावर एक चिडखोर आजोबा' ही नोंद निरुपयोगी, कारण चिडखोर हा तुमचा निष्कर्ष आहे आणि त्यामागचं दृश्य हरवलं. 'आजोबा, प्रत्येक बस आली की उठतात, पाटी वाचतात, परत बसतात. शेजारच्यानं विचारलं तर म्हणाले, मला कुठे जायचं नाहीये' हे लिहा. हात काय करत होते, नेमके शब्द काय होते, आणि कुठली गोष्ट तिथे शोभत नव्हती. एवढं असलं की पाच वर्षांनीही नोंद वापरता येते. निष्कर्ष लिहिण्याचा मोह आवरत नसेल तर तो कंसात, शेवटी.

प्रेरणेसाठी थांबून राहण्यापेक्षा कोरड्या कागदपत्रांत जा. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा, 'हरवले आहे'च्या छोट्या जाहिराती, संस्थांची इतिवृत्तं, न्यायालयांचे निकाल, एखाद्या यंत्राची दुरुस्तीपुस्तिका. निकालपत्रांत दोन्ही बाजूंनी सांगितलेली एकच घटना असते, आणि त्या दोन कथनांमधल्या फटीत कथा असते. इतिवृत्तात कुणाचा तरी आक्षेप एका ओळीत नोंदवून पुढे गेलेले असतात. तो आक्षेप घेणारा माणूस घरी जाऊन काय म्हणाला असेल, इथून सुरुवात करा. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मात्र तिथेच सोडून या.

ओळखीची माणसं न हलण्याचं कारण हे, की लेखकाला ती माणसं प्रत्यक्षात काय करतात ते माहीत असतं आणि तो त्या माहितीशी प्रामाणिक राहायला जातो. कुणी म्हणालं की हे पटत नाही, तर उत्तर येतं, 'पण असंच घडलं होतं.' पानावर त्या उत्तराला अर्थ नसतो. लिहायला बसण्याआधीच तीन गोष्टी बदला: व्यवसाय, कथेतल्या मुख्य पात्राशी असलेलं नातं आणि वय किंवा लिंग. लिहून झाल्यावर नाव बदलून काही साधत नाही, कारण तोवर सगळे निर्णय मूळ माणसानंच घेतलेले असतात. दुसरा मार्ग म्हणजे दोन माणसं एकत्र करणं: एकाची बोलण्याची ढब, दुसऱ्याची भीती. दोघांचा मेळ बसत नाही तिथे तुम्हाला कल्पना लढवावी लागते, आणि पात्र तिथूनच तुमचं होतं. तीन बदल केल्यावरही तो माणूस वाचला तर स्वतःला ओळखेल आणि दुखावेल असं वाटत असेल, तर आणखी बदला. लेखनाच्या दृष्टीनंही तेच हिताचं ठरतं.

मधला_पाट

वरचं बरंचसं पटलं, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं. पाच वाक्यं आधी लिहायची की नंतर, हे माणसागणिक बदलतं. पुष्कळांना पात्र लिहिता लिहिताच सापडतं. त्यांनी आधी आराखडा केला तर खर्डा आराखड्याचा आज्ञाधारक होतो आणि पात्र दचकवत नाही. तुमच्याकडे ९,००० शब्द तयार आहेत. तेव्हा पाच वाक्यं मनानं न लिहिता खर्ड्यातून शोधून काढा. वसुधानं प्रत्यक्षात काय केलंय त्यावरून तिला काय हवं असणार? जे उत्तर निघेल ते तुमच्या मूळ कल्पनेपेक्षा वेगळं निघालं, तर खर्ड्यावर विश्वास ठेवा.

मधला भाग अडकतो त्याचं उरलेलं अर्धं कारण शेखर आहे. तो आला, विकायचं म्हणाला, आणि मग वसुधाच्या प्रतिक्रियेची वाट बघत बसला, असंच ना? विरोधी पात्र रिकामं बसलं की कथा बसते. शेखरच्या तोंडून, 'मी' वापरून, दोन पानं लिहा. ही कथेत जाणार नाहीत. त्याला पैसे कशाला हवेत, ताईबद्दल त्याला कुठली गोष्ट कधीच बोलता आली नाही, आणि वसुधा कामावर असते त्या सात-आठ तासांत तो कुठे कुठे जाऊन येतो, एवढं त्यात यायला हवं. त्याच्या बाजूनं त्याचं म्हणणं तुम्हाला पटेपर्यंत लिहीत राहा. मग त्या तासांतली त्याची एक कृती कथेत आणा: तो निमकरांना परस्पर भेटून आला आहे, आणि ते वसुधाला त्याच्याकडून न कळता निमकरांच्या बदललेल्या वागण्यातून कळतं. चौथा प्रसंग तिथे सुरू होतो.

सगळ्यांना सारखीच खोली द्यायची गरज नाही, हेही सांगायला हवं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरनं १९२७ साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत सपाट (एकाच गुणाभोवती रचलेली) आणि गोल पात्रं असा भेद केला. गोल पात्राची त्याची कसोटी अशी, की ते आपल्याला पटेल अशा रीतीनं चकित करू शकतं. पण सपाट पात्रांना त्यानं मोडीत काढलं नाही. ती चटकन ओळखू येतात आणि लक्षात राहतात, हा त्यांचा उपयोग त्यानं मोकळेपणानं मांडला. तुमच्या कथेत वकील, घर बघायला आलेला ग्राहक, ग्रंथालयातला मदतनीस हे सपाटच राहू द्यात. एक ठळक खूण आणि एक काम, पुरे. वकिलाला दुःखी बालपण दिलंत तर वाचक त्याची वाट बघत बसेल आणि तो पुन्हा येणारच नाही. ९,००० शब्दांत दोन गोल पात्रं आरामात मावतात, तिसरं ओढाताण करून.

कानोसा

मधला_पाट यांच्या शेखरच्या दोन पानांना माझं अनुमोदन. त्यातून त्याची दोन-तीन वाक्यं संवादात उचलता येतात, आणि तीच सगळ्यांत त्याची वाटतात.

एक बारीक गोष्ट, सगळ्यांच्या खर्ड्यांत सापडणारी. वर्षांचा हिशोब एका कागदावर मांडून ठेवा: कोणाचा जन्म कधी, वडील गेले तेव्हा कोण कितीचं, निमकर कधी राहायला आले, कथेतला प्रत्येक प्रसंग कुठल्या वारी. वसुधा ५२ची आणि निमकरांनी तिला 'लहानपणापासून पाहिलंय' म्हटलं, तर ते किमान ४५ वर्षं तिथे राहतात आणि स्वतः सत्तरीच्या पुढे असणार. मग त्यांनी जिना चढून वर येणं हा साधा तपशील राहत नाही. गुडघे दुखत असतानाही ते वर आले की खाली बोलावणं पाठवलं, इथेच नात्यातलं वरचढपण दिसतं.

अर्धविराम (धागाकर्ता)

हा हिशोब केलाच नव्हता. निमकर आता वर येणार नाहीत, वसुधालाच प्रत्येक वेळी खाली जावं लागेल. शेवटची शंका: ग्रंथालयातल्या मदतनिसाचं नाव वसंत आहे आणि ग्राहकाचं शेवडे. चालेल का?

दुसरा_मसुदा

बदला दोन्ही. वेगानं वाचताना डोळा पहिल्या अक्षरावर आणि शब्दाच्या लांबीवर जातो. वसुधा-वसंत आणि शेखर-शेवडे या जोड्यांत वाचक एकदा तरी थांबून मागे जाईल. पात्रांच्या नावांची आद्याक्षरं वेगळी ठेवा, एकाच प्रसंगात येणाऱ्यांची तर नक्कीच. कुणाला नावानं हाक मारायची आणि कुणाला आडनावानं, हेही एकदा ठरवून कथनात शेवटपर्यंत तेच ठेवा, कारण संवादात ते बदललं की त्याला अर्थ येतो, कथनात बदललं की नुसता गोंधळ होतो. मदतनिसाला तर नावाचीही गरज नसावी. तो दोनच प्रसंगांत असेल तर 'मदतनीस' एवढंच पुरे.